दाते

छत उघडलं ते उघडंच राहिलं,
सुळग्याच्या फाट्यावर, श्रावणातल्या भुरभुरीत.
बटण दाबलं की आत काहीतरी किरकिरायचं,
काच बोटभर सरकून परत मागे.
घरापर्यंत बायकोची छत्री धरून आलो.
छत्री गाडीच्या आत,
आणि गाडी जर्मन.

सतरा वर्षांची. पुण्याच्या एका डॉक्टरची.
"एकच हात फिरलाय," दलाल म्हणाला होता.
दोन लाख ऐंशी हजारांत मला
कातड्याच्या खुर्च्या मिळाल्या, खऱ्या लाकडाची पट्टी मिळाली,
आणि एक सवय: पहाटे उठून बघायचं
आज कुठल्या कोपऱ्यावर बसलीय.
हवेवर उभी राहणारी गाडी ही.
रात्रीतून हवा जाते, उजवं ढुंगण टेकतं,
आणि डबऱ्यातल्या म्हशीसारखी
ती माझ्याकडे एकाच डोळ्यानं बघते.
दुसरा फेब्रुवारीत गेला.
त्याचे एकवीस हजार सांगितलेत.

पडद्यावर सूचना येतात जर्मनमध्ये,
बदलायच्या कशा ते कुणाला सापडलं नाही.
आरटीओचा फॉर्म कानडीत.
फुली मारलेली असेल तिथं मी सही करतो.
नंबर अजून महाराष्ट्राचा, त्यामुळे
हत्तरगीच्या नाक्यापासून आरपीडीच्या चौकापर्यंत
प्रत्येक पोलिसाला मी पाहुणा वाटतो.
"ना इल्ले हुट्टिदांव री," म्हणतो. इथलाच हो मी.
तो गाडीकडे बघतो. ही?

उद्यमबागेत रियाझ सनदीनं छताची मोटर उघडली
आणि माझ्या तळहातावर एक दातेरी चाक ठेवलं,
शर्टाच्या बटणाहून जरा मोठं, नायलॉनचं.
"सहा दाते पडल्यात की वो.
सुटं मिळत नाही. आख्खी मोटर घ्यायची,
चौतीस हजार, वर तीन आठवडे."
मग हळूच, आजाऱ्याच्या नातेवाइकाला सांगावं तसं:
"मारिबिड्री, साहेब." विकून टाका.

चाक मी खिशात टाकलं.

माझा धंदा कवळ्यांचा.
टिळकवाडीत, दुसऱ्या गेटाजवळ, जिन्याखालची खोली.
डॉक्टर साचे धाडतात,
मी मेण लावतो, दात रचतो, कुकरात शिजवतो.
अर्ध्या बेळगावचं हसू माझ्या फळीवर वाळलंय.
सहा दाते म्हणजे काय?
हुक्केरी मास्तरांच्या नातीचं लग्न होतं तेव्हा
एका रात्रीत अठ्ठावीस बसवलेत.

पडलेल्या जागी मेणाचे दाते उभे केले,
शेजारच्यांचा कल बघत, उंची बघत,
मग सगळ्या चाकाचाच साचा घेतला.
पांढरी पूड संपलेली. हिरडीची होती.
गुलाबी तर गुलाबी.
बायको दारात येऊन उभी राहिली.
"कुणाचे?"
"गाडीचे."
पुढं काही बोलली नाही.
शिट्ट्या मात्र तिनंच मोजल्या.

सकाळी रियाझ ते चाक उजेडात धरून
एवढा हसला की तोंडातलं पान थुंकायचं विसरला.
बसवलं. बटण मी दाबलं.
काच आली,
न किरकिरता, न अडखळता,
मास्तर पहिल्यांदा कवळी लावून
"षट्कोन" म्हणाले होते तशी.

पैसे घेईना.
अम्मीची खालची कवळी सैल झालीय,
तेवढी बघा म्हणाला.

मी बोनेटवर हात ठेवला आणि सवयीनं
सगळ्यांना सांगतो तेच सांगितलं:
पहिले आठ दिवस कडक काही चावायचं नाही.
दुखलं तर स्वतः घासत बसू नका,
माझ्याकडे या.

तेवढ्यात पडद्यावर एक लाल ओळ उमटली,
लांबलचक, अडीच शब्दांची.
रियाझनं मान वाकडी करून वाचल्यासारखं केलं.
"काय म्हणते?"
"नाळे बर्री म्हणते," तो म्हणाला,
आणि पाना उचलून दुसऱ्या गाडीखाली शिरला.